मायच्या चपला

चिखलीच्या स्टँडवर जालन्याकडे जाणारी एसटी उभी होती आणि तिच्या सावलीत माझी माय उभी होती. वैशाख होता. स्टँडची जमीन म्हणजे खडी आणि फुफाटा, दोन्ही तापून लाल. बाबा खिडकीपाशी येऊन सूचना देत होते: पाणी गाळून पी, जवळचं वाचनालय शोध, रोजचा खर्च रोज लिहून काढ. मायने भाकरीचं गाठोडं खिडकीतून वर दिलं आणि पुन्हा सावलीत जाऊन उभी राहिली. मग गाडी हलली आणि सावली गाडीबरोबर निघून गेली. माय उन्हात उघडी पडली. तिने एक पाय उचलून दुसऱ्या पावलावर ठेवला. खालचा पोळला तसा तो उचलला. हात मात्र वर होता, मला निरोप देत. गाडी वळेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहत होते.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. आपल्याकडे कोणाची आई चपला घालत होती? आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, निघताना मागे वळून पाहिलं असेल तर तुम्हालाही काहीतरी दिसलं असेलच. मला पाय दिसले. त्या पायांचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण आपल्यापैकी कोणीही त्याला अन्याय म्हणायला तयार नाही.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. पगार बेताचा, पण दर महिन्याचा. शिवाय गावाला लागून थोडं काळं रान, त्यात ज्वारी आणि कापसाची पऱ्हाटी. आम्ही उपाशी नव्हतो. हे मुद्दाम सांगते, कारण "गरिबी होती" एवढं म्हणून हा विषय मिटवता येऊ नये. बाबांच्या फडताळात पुस्तिका असत, बारीक टाइपातल्या, टपालाने येणाऱ्या: समतेवरच्या, सावकारीवरच्या, स्त्रियांच्या हक्कांवरच्या, काटकसरीवरच्या, घरगुती औषधांवरच्या. मी त्यांच्यावर वाढले. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि त्या कागदांतून वाचलं तर न्यायाचं राज्य आमच्या अंगणाच्या कुंपणापर्यंत येऊन पोचलंय असंच वाटे.

बाबांचा एक नियम होता. घरात कोणतीही वस्तू यायची म्हटली की ते विचारत, "गरज की चैन?" चहा चैन. वासाचं तेल चैन. जत्रेतला पाळणा चैन. पुस्तिका गरज, कारण ते ज्ञान. बाबांचे जोडे गरज, कारण शाळेत अनवाणी मास्तर शोभत नाही. मायच्या चपलांचा प्रश्न कधी निघालाच नाही. शेतात, विहिरीवर, बाजाराला ती अनवाणी जाई. पारावर म्हातारी माणसं बसलेली असत, आणि त्यांच्यासमोरून बाईने पायात घालून जाणं म्हणजे उर्मटपणा. "मले कुठी कचेरीत जायचं हाय?" असं तीच म्हणे, आणि बाबांना ते उत्तर पुरत असे. तेव्हा त्यांच्या हातात स्त्रियांच्या हक्कांची पुस्तिकाही असू शके.

त्या पुस्तिकांचे पैसे कुठून येत तेही सांगते. दळणाला ज्वारी काढली की माय सुपातली एक मूठ परत घेई आणि चुलीमागच्या वेगळ्या मडक्यात टाकी. आपल्याकडच्या बायका करतातच हे. ती मूठ घरातल्या सगळ्यांच्या वाट्यातून जाते असं आपण समजतो. खरं तर जी शेवटी जेवायला बसते तिची भाकर तेवढी लहान होते. मडकं भरलं की ती ज्वारी चिखलीच्या बाजारात जाई. त्यातून माझी फी, बाबांची वर्गणी, पाहुण्यांसाठी गूळ. मूठ तिची, मडकं तिचं, आणि त्यातून तिच्यासाठी आलेली एकही वस्तू मला आठवत नाही.

मॅट्रिक झाले आणि पुण्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. बाहेरगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाला मी "हो"ऐवजी "हाव" म्हणाले, तेव्हा सुपरवायझरबाईंनी असं पाहिलं, जणू मी बोर्डावर शेणाचा हात ठेवलाय. होस्टेलच्या खोलीत माझ्याबरोबर शालिनी होती, साताऱ्याची, तोंडाळ आणि मनाने मोकळी. "ए मले-तुले," ती हाक मारी, "चहाला येतेस, का आजही एकादशी?" शिफ्ट सुटली की मुली समोरच्या हॉटेलात जात, पगार झाला की सिनेमाला. मी जात नसे. कप समोर आला की बाबांचा प्रश्न कानात वाजे आणि चहाची चवच जाई. बाबा दोनशे मैलांहून लांब होते, पण तो प्रश्न माझ्याबरोबर खोलीत राहायला आला होता.

पहिल्या पगारातून मीही मूठ बाजूला काढली. मनिऑर्डर केली आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: हे घरासाठी नाही, मायच्या चपलांसाठी.

बाबांचं कार्ड आलं. चिखलीत माप देऊन शिवून घेतल्या, कातडं मजबूत आहे, बरीच वर्षं जातील. त्या दिवशी मी शालिनीबरोबर हॉटेलात गेले आणि पूर्ण कप चहा प्यायले. गोड लागला.

दिवाळीला घरी पोचले तर माय अनवाणीच अंगणात आली. चपला खुंटीला टांगलेल्या होत्या, जुन्या पुस्तिकेच्या पानांत गुंडाळून.

"काऊन वो माय, घालत काऊन नाही?"

"घातल्या त झिजतीन ना."

"झिजायलाच असतात त्या!"

"मंग पुण्याले काय घालून येऊ? तुह्या मैतरणींपुढं अशीच येऊ काय?"

मी हट्टच धरला. तिने चपला घातल्या आणि अंगणातून फाटकापर्यंत चालून दाखवलं, चिखलातून पाय काढावा तसा एकेक पाय उचलत. शेजारच्या सुभद्राकाकू कुंपणावरून बघत होत्या. "बापा बापा! मास्तरीणबाई तालुक्याले कारकुनी कराले चालल्या वाट्टे!" माय इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. मग तिने चपला काढल्या, पदराने पुसल्या आणि पुन्हा कागदात गुंडाळल्या. बाबा आतून म्हणाले, "तिला सवय नाही गं, कशाला छळतेस?"

पण "पुण्याले येऊ" हे ती बोलून गेली होती. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला चुलीमागे नेलं. मोठ्या मडक्याशेजारी एक लहान मडकं होतं. "हे माह्यं," ती म्हणाली. दळण काढताना आता दोन मुठी निघत होत्या, आणि दुसरी कोणाची ते तिने अजून बाबांनाही सांगितलं नव्हतं. "तिकिटापुरतं जमलं की येतो. तुह्यासंगं त्या हाटेलात बसून एकडाव चहा पिईन. पाह्यतो त खरं, कसा लागते."

मी पैसे पाठवते म्हटलं तर तिने मान हलवली. "तुह्ये नाही. माह्ये."

पुण्यात येऊन मी ज्याला त्याला सांगत सुटले की माझी माय येणार आहे. होस्टेलच्या बाईंकडून परवानगी घेतली. शालिनी म्हणाली, "माझ्या खाटेवर झोपू देत त्यांना, मी खाली झोपेन. आणि तुझी आई चहा पिणार असेल तर भजी माझ्याकडून." हॉटेलातलं खिडकीजवळचं टेबलही मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, तिथून रस्त्यावरची माणसं दिसतात म्हणून. त्या थंडीत मी रोज चहा प्यायले. पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्या घरात काहीतरी बदललं.

माघात पऱ्हाट्या काढून झाल्या होत्या. जिथे उपटत नाहीत तिथे तोडतात, आणि जमिनीत टोकदार खुंट राहतात. तसा एक मायच्या डाव्या पायात आरपार गेला. चपला घरी खुंटीला होत्या. शेतात नव्या चपला कोण घालतं?

बाबांनी फडताळातून घरगुती औषधांची पुस्तिका काढली. कडुनिंबाच्या पाण्याने धुवा, हळद भरा. त्यांनी ते मनापासून केलं, पान समोर ठेवून, एकेक ओळ वाचत. पाय सुजला. बुलढाण्याला दवाखान्यात न्यावं तर पगार व्हायचा होता, मोठं मडकं रिकामं होतं. तेव्हा बाबांना कळलं की घरात पैसे आहेत. लहान मडक्यातली ज्वारी विकून माय ते लुगड्याच्या चिंधीत बांधून बसली होती. बाबांनी मागितले.

"ते मी देत नाही," माय म्हणाली. "ते पुण्याचे हायेत."

लग्नानंतर तिने त्यांना पहिल्यांदाच नकार दिला असावा. बाबा पुन्हा पुस्तिकेकडे वळले. ती रोज म्हणत राहिली, "बरं होऊन राह्यलं, उगी खर्च कायले?" आणि पाय काळा पडत गेला. शेवटी ताप डोक्यात चढला तेव्हा सुभद्राकाकू घरात शिरल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं बाबांवर ओरडल्या: "मास्तर, ते पुस्तक ठेवा तिकडं आन् बैल जुपा!" बैलगाडीने चिखली, चिखलीहून एसटीने बुलढाणा. डॉक्टरांनी जीव वाचवला. डाव्या पायाचा पंजा वाचवता आला नाही. पुण्याच्या तिकिटाचे पैसे तिथल्या औषधांत गेले.

कार्ड मिळून मी बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "रडून काऊन राह्यली? दोन्ही थोडेच गेले." मग पायाकडे पाहत स्वतःशीच हसली. "एक चप्पल त वाचली ना, बाई. ते काही झिजत नाही आता."

बाबा बाहेर व्हरांड्यात बसले होते. मला पाहून उठले आणि पुन्हा बसले. म्हणाले, "मी त्या पुस्तिका बंद करतो. तेवढेच पैसे वाचतील." ते खरंच रडत होते, आणि खरंच त्यांना याहून दुसरं काही सुचत नव्हतं. घरावर संकट आलं की काहीतरी बंद करायचं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडून कोणाला ऐकवणार होते?

मला आता बचतीवर व्याख्यानं देणाऱ्या लोकांचा संताप येतो. शहरातही ते आहेत, त्यांची पत्रकं आमच्या होस्टेलच्या भिंतीवरही लागतात. काटकसर वाईट असं मी म्हणत नाही. मायच्या मुठीवरच मी मॅट्रिक झाले. पण ज्या हाताने मूठ काढली जाते त्या हाताला कोणी विचारलेलं मी पाहिलं नाही की बाई, तुझं काय? आपली गरज कोणती आणि चैन कोणती हे ठरवायला ती कधी बसलीच नव्हती, ते बाबांनी ठरवलं, पाराने ठरवलं. म्हणून एकदाच जेव्हा तिने एक कप चहा आणि एक प्रवास स्वतःसाठी मागितला, तेव्हा तो तिला जिवापाड जपावा लागला. ते पैसे एकदा घराच्या कामाला गेले की पुन्हा कधी तिच्या नावाने जमणार नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. तिला आमचं घर चांगलंच माहीत होतं.

आता ती काठी घेऊन अंगणात फिरते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून उजव्या पायात चप्पल रोज असते. बाबा सकाळी स्वतः वाकून तिचा पट्टा लावतात. पारावरचं कोणी काही म्हणत नाही. चप्पल आता औषधात जमा झाली. त्या चपलेची टाच घासून पार गेली आहे. लहान मडक्यात मीठ असतं. पुण्याचा विषय मी काढला तर ती म्हणते, "आता कुठी?" आणि दळणाचं सूप ओढून घेते. एक मूठ अजूनही निघते. एकच.

मागच्या खेपेला निघताना तिने डावी चप्पल माझ्या पिशवीत घातली, त्याच छापील पानांत गुंडाळलेली. "अठी ठेवून काय करू? तिकडं कोन्या बाईच्या कामी पडन." चिखलीच्या स्टँडवर या वेळी कोणी आलं नव्हतं. गाडी हलली, सावली निघून गेली, खाली नुसती खडी राहिली.

कोणी घर कुठलं विचारलं की मी चिखलीकडचं म्हणते. पण तिथे गेलं की मी पाहुणी असते, आणि इथे हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर बसवत नाही. शालिनी कधीतरी ओढून नेते. कप समोर येतो, मी अर्धा पिते. माझ्या खाटेखाली ट्रंक आहे, ट्रंकेत ती चप्पल आहे. येणार होती माय, आलं तेवढंच. डाव्या पायाच्या एका चपलेची गरज असलेली बाई मला या शहरात अजून भेटलेली नाही. कातडं कोरं आहे, तळाला धूळसुद्धा नाही.