रुळावरचं तिकीट

माझ्या आईने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत रेल्वेचं एकही तिकीट विकत घेतलं नव्हतं, आणि ती एकदाही विनातिकीट गेली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाबा रेल्वेत होते.

बाबा वर्ध्याजवळ सिंदीला की-मॅन होते. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात पाना, आणि रोज ठरलेल्या खांबापासून ठरलेल्या खांबापर्यंत रुळांतून पायी जायचं. रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी कुठे सैल झाली असेल तर ती ठोकून बसवायची आणि पुढे निघायचं. या चालण्याच्या बदल्यात रेल्वे पगार देई आणि वर्षाकाठी काही पास देई. पगार घरात यायचा आणि महिनाअखेरीला त्याचा पत्ता नसायचा. पास मात्र पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेला असे. आईच्या लेखी खरी कमाई तीच. "ते चालले म्हणून आपण बसून जातो," असं ती म्हणे.

बाबा गेले तरी पास येत राहिला. पूर्वीपेक्षा कमी, पण आईच्या नावाने, आणि तिचं वय झालं म्हणून सोबतीला एक माणूस चालेल अशा सवलतीने. आता तो मोबाइलवर येतो. मी प्रिंट काढून देते आणि आई ती झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेते. पासाची मुदत संपते, पण प्लास्टिकची संपत नाही, त्यामुळे पेटीत असे जुने पास बरेच साठले आहेत. यष्टीचं तिकीट ती निमूट काढते. तिचा आक्षेप आहे तो फक्त रुळावरच्या तिकिटाला.

मी वर्ध्याला शाळेत भूगोल शिकवते. नकाशा वाचता येतो म्हणजे प्रवासही आखता येत असणार, अशी आमच्या नातेवाइकांची समजूत आहे, आणि ती मोडून काढायला मला कधी वेळ झाला नाही. कुणाला तिरुपतीला जायचं असो की साळ्याच्या साखरपुड्याला, फोन मला येतो. त्यामुळे जानेवारीत पुण्याच्या मावशीचा फोन आला तेव्हा मी सवयीने वही आणि पेन पुढे ओढलं.

मावशी आईची पाठची बहीण. दोघी अल्लीपूरच्या. एकीला सिंदी मिळालं, एकीला पुणं. मावशीची जीभ लहानपणापासून तिखट. आई पुण्याला गेली की ती दारातूनच म्हणायची, "आली का फुकटची गाडी!" बाबा होते तोवर आईही त्यावर हसायची. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मावशीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी आईचं कौतुक केलं, की एवढ्या लांबून ताई आल्या. मावशी वाढता वाढता म्हणाली, "तिला काय, पास आहे म्हणून येते. तिकीट काढून थोडीच आली असती." लोक हसले. आईने पानातला भात संपवला, हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी परत निघाली. त्याला सहा वर्षं झाली. भांडण झालं नाही, सणाला फोन होत राहिले, पण पुण्याला जायचं म्हटलं की तिच्या घरामागच्या बारीतल्या वांग्यांना नेमकं पाणी द्यायचं असायचं.

आता मावशीच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन गुरुवारी, सकाळी अकराला आत नेणार. मावशी फोनवर म्हणाली, "ताईला घेऊन ये. आत नेण्याआधी एकदा तिला बघू दे मला." तिच्या बोलण्यात तिखटाचा कणही नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

आई लगेच तयार झाली. "येतो म्हण. पण पासावरच येईन," एवढीच अट घातली.

फोन आला सोमवारी. निघायचं बुधवारी. मी वहीत पर्याय लिहिले. नागपूरहून विमान आहे, पण तिथे पास चालत नाही, म्हणून आईने ते ऐकूनही घेतलं नाही. खाजगी ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये तिची कंबर रात्रभर टिकणार नाही. उरली रेल्वे, आणि पासावर दोन जागा मागितल्या तर यादीत आमच्यापुढे अर्धा जिल्हा उभा होता. तत्काळमध्ये जागा मिळण्यासारख्या होत्या, पण तत्काळ पासावर मिळत नाही. मी आईला हे दोनदा समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"माहे मालक तीस वर्षं त्या रुळानं चालले," आई म्हणाली. "मी तिकीट काऊन काढू?"

मंगळवारी सकाळी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून तत्काळची दोन तिकिटं काढली, आणि संध्याकाळी आईला सांगितलं की पासावर जागा मिळाली. मला खोटं बोलण्याचं फारसं वाईट वाटलं नाही, हे नोंदवून ठेवते. मावशीला आत नेण्याआधी आई तिच्यासमोर उभी असणं ही एकच गोष्ट महत्त्वाची होती, बाकी सगळं तपशिलात जमा.

अडचण एवढीच, की आईला प्रवासात कागद हातात लागतो. मोबाइलवरचं तिकीट तिला तिकीट वाटत नाही. तेव्हा प्रिंट काढली. तिच्या तळाशी भाड्याचा आकडा स्वच्छ छापलेला होता. आईला अक्षरं येत नाहीत, आकडे मात्र पाठ आहेत. मी कात्री घेतली, पट्टी ठेवून रेघ मारली आणि खालचा भाग सरळ कापून टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची. कापलेल्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं, चांगली जमली होती.

बुधवारी वर्धा स्टेशनवर मी तो कागद तिला दिला. तिने तो उलगडला, वरपासून खालपर्यंत पाहिला, कडेवर अंगठा ठेवला, घडी घातली आणि कमरेच्या बटव्यात ठेवून दिला. "बरं," म्हणाली. मी तिच्या पिशव्या उचलल्या. एकीत बारीतली वांगी आणि सांभार, म्हणजे पुण्याची कोथिंबीर, होता. ऑपरेशनच्या माणसाला वांगी कशाला, असं विचारायचं मी टाळलं.

गाडीत तिला चांगली झोप लागली. मला लागली नाही. सकाळी बघते तर गाडी दौंडच्या अलीकडे उभी, आणि पुण्याला पोचेपर्यंत पावणेदहा झाले. दवाखाना मंडईजवळ. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग होती, पण पुढचा रस्ता गच्च भरलेला दिसत होता, आणि रिक्षावाल्यानेच हात हलवून सांगितलं की पाऊण तास धरा. मी मेट्रोचा रस्ता आधीच वहीत काढून ठेवला होता: स्टेशनवरून वरची गाडी, न्यायालयाच्या स्थानकावर उतरायचं, तिथून खोल खाली जायचं आणि जमिनीखालच्या गाडीने मंडई.

जिना चढताना आईने विचारलं, "हे रुळावर चालते का?"

"हो, रुळावरच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

हे "ठीक आहे" कशासाठी होतं ते मला वर पोचल्यावर कळलं. मी तिकीटखिडकीकडे वळेपर्यंत आई पिशव्या तपासायच्या यंत्रातून वांगी पलीकडे काढून थेट फाटकाशी गेली होती आणि लॅमिनेट केलेला पास तिथल्या सुरक्षारक्षक मुलीपुढे धरून उभी होती. मुलीने पास उलटसुलट पाहिला.

"आजी, हा इथे नाही चालत. हा रेल्वेचा आहे."

"हे काय बैलगाडी आहे का? रूळ आहे ना?"

"रूळ आहेत, पण रेल्वेचे नाहीत. मेट्रोचं खातं वेगळं."

मागे रांग वाढत होती. एक तरुण कानातला इअरफोन काढून आमच्याकडे बघू लागला. मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला. मी पुढे होऊन म्हटलं, "आई, इथे नाही चालत. मी तिकीट काढते. उशीर होतोय."

आईने पास परत घेतला आणि पदराने पुसला.  मग ब्लाउजमधून छोटी पर्स काढून तिने माझ्या हातात नोट ठेवली. "दोन काढ. माह्या पैशानं काढ."

मेट्रोच्या तिकिटाचा कागद तिने फाटकावर स्वतः टेकवला. फाटक उघडलं, आणि ती त्यातून चोरासारखी नाही, पाहुण्यासारखी चालत गेली.

न्यायालयाच्या स्थानकावर उतरून आम्ही एकामागून एक सरकते जिने उतरत खाली गेलो. आई प्रत्येक जिन्यापाशी पाऊल मोजून टाकत होती. मला वाटलं, जमिनीखाली तिला घाबरायला होईल. फलाटावर पोचल्यावर ती काचेच्या दारांतून त्या काळोख्या बोगद्यात वाकून पाहू लागली.

"इथचा की-मॅन कुठून चालते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, यंत्रं तपासत असतील.

"यंत्रं ठोकते का? कोणीतरी चालत असनच. बिचाऱ्याले झाडाची सावली नाई, काई नाई." गाडी आली तेव्हा ती चढताना थबकली आणि वाकून दाराच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. बाबांच्या वेळेपासून ती प्रत्येक गाडीत चढताना असंच करते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मावशीच्या अंगावर हिरवा गाऊन होता, हातातल्या बांगड्या काढलेल्या. बांगड्यांशिवाय तिचे हात फार बारीक दिसले. मावशीच्या मुलाने स्टूल पुढे केलं. आई बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघी एकमेकींसमोर होत्या.

मग मावशी बोलली. इतकी वर्षं पुण्यात राहून तिचं बोलणं पुणेरी झालेलं, पण आईसमोर ते गळून पडलं. "आली का वो ताई. मले वाटलं, वांग्याले पाणी देत असशीन."

"वांगे आणले," आई म्हणाली. मग बटवा उघडून तिने रेल्वेचा कागद काढला, मेट्रोचा कागद काढला, आणि दोन्ही मावशीच्या गाऊनवर ठेवले. "यंदा तिकीट काढून आली. वरचंही अन् खालचंही."

 मी भिंतीला टेकून उभी राहिले.

मावशीला वाचता येतं. तिने चष्मा मागितला, रेल्वेचा कागद जवळ धरून पाहिला. "यावर पैसे कुठं आहे? पासाचंच असन हे."

"पोरीनं कापले," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "पासाच्या तिकिटावर पैशाच्या जागी शून्य राह्यते. शून्य कोणी कापत नाई."

म्हणजे तिला वर्ध्याच्या फलाटावरच कळलं होतं, कडेवर अंगठा ठेवला तेव्हा. ती तिथूनच घरी परत जाऊ शकली असती. गेली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दोन दिवस पौर्णिमा होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

मावशीने कागदाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं, पाठीवर पडलेल्या माणसाचं ओघळतं तसं. परिचारिका दारात येऊन उभी राहिली, हातात कागदपत्रं. मावशीने आईचं मनगट धरलं.

"जातानी पासावरच जाजो ताई," ती म्हणाली. "भाऊजी एवढे चालले. ते काई फुकट नव्हतं."

 आईने पदराने मावशीचे दोन्ही कान पुसले, आणि मग तिला आत नेलं.

ऑपरेशन ठीक झालं. आम्ही आठ दिवस राहिलो, आई दिवसभर दवाखान्यात आणि मी मेट्रोने ये-जा करत. परतीला पासावर जागा सहज मिळाली. मी प्रिंट काढून आणली तेव्हा आईने तळाशी बोट ठेवून शून्य शोधलं, आणि ते सापडल्यावर बोट तसंच ठेवून ती थोडा वेळ बसली. या वेळी मी कागद अख्खा दिला होता.