अंगावर घालून पाहिलेला गाऊन

बाईंनी मुलीचा जुना ब्लाउज ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या. मी तो उचलल्यावर म्हणाल्या, "यावरूनच माप घे. तिला हात लावायची गरज नाही."

मुलगी दारातच उभी होती. माझ्याच वयाची, विशीतली. माझ्या गळ्यात टेप होता. तो मी काढून पिशवीत टाकला.

धुळ्यातली गोष्ट, नव्वदच्या आसपासची. बाई कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या घरच्या. आम्ही बौद्ध. वस्तीचं नाव सांगितलं की पुढचं कुणी विचारत नसे. शिवण मात्र माझंच हवं असायचं. मीही वर्षानुवर्षं मोठ्या घरांच्या ओट्यांवरून मापाचे ब्लाउज उचलत आले होते. सवय झाली होती. अशा गोष्टीची सवय होते, हेच वाईट.

या वेळी ब्लाउजवर भागणार नव्हतं. बाईंनी परदेशी मासिकातलं पान दिलं. एक गाऊन. एक खांदा उघडा, दुसऱ्या खांद्यावरून कापड चुण्याचुण्यांनी तिरपं उतरतं आणि कमरेशी गोळा होतं. शिवण कुठेच दिसत नाही. साखरपुड्याच्या पार्टीत मुलीला तस्साच हवा होता.

"जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. देव जाणे कशाच्या जोरावर.

शिवणक्लासात शिकलेला साध्या फ्रॉकचा फर्मा, म्हणजे कापायचा कागदी नमुना, वर्तमानपत्रावर काढला. छातीपाशी फुगवट्यासाठी घेतात तो टक मिटवला. खांद्यापासून कमरेपर्यंत कागदाला चिरा दिल्या आणि त्या फाकवल्या. त्या फटींतून चुण्यांचं कापड निघणार, असा हिशेब. आईचं जुनं लुगडं उरेब, म्हणजे तिरपं, कापून बघितलं. ब्लाउजच्या मापाला बरोबर, पण चुण्या पोत्यासारख्या लोंबायच्या. तीन फर्मे वाया गेले. असं कापड अंगावरच बसवावं लागतं. टाचण्या लावायच्या, चालायला लावायचं, पुन्हा टाचायचं. आणि ते अंग मला मिळणार नव्हतं.

शेवटी लुगडं स्वतःवरच टाचलं. तिच्या ब्लाउजात मी नेमकी बसत होते. आई टाचण्या लावायची, मी आरशात बघून सांगायचे. चौथा फर्मा बरोबर आला. त्यावरून बाईंनी दिलेलं जॉर्जेट कापलं. शिवून दिवसभर खुंटीला टांगलं. उरेब कापड टांगलं की खाली उतरतं, मगच त्याची कड मुडपायची असते. मग गाऊन एकदा घालून पाहिला. अंगावर नेमका उतरला. अगदी चित्रातल्यासारखा. खरं सांगते, मला रडू आलं. आपल्या हातातून असं काही निघेल असं कधी वाटलं नव्हतं.

गाऊन बाईंकडे नेला. मुलगी आत जाऊन तो घालून आली. स्वतःभोवती गिरकी घेतली. "हात न लावता इतका बरोबर कसा गं बसवलास?"

मी खुशीत होते. खुशीत माणूस सावध राहत नाही. म्हणाले, "माझ्या अंगावर घालून बघितला. आपण दोघी एकाच अंगाच्या आहोत."

"काढ तो," बाई मुलीला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ."

गाऊन ओट्यावर आला. "धुऊन आण. साबण लावून. मग बघू."

मी सांगितलं, हे कापड पाण्यात आटतं, चुण्या जातील, आणला तसा पुन्हा दिसणार नाही. बाईंनी ऐकलं नाही. मुलगी खाली बघत राहिली. बाईंपेक्षा तिचंच मला जास्त लागलं.

"धुणार नाही," मी म्हणाले. "तो घाण झालेला नाही."

तिथेच ठेवून निघाले.

त्यांनी घरीच धुतला. चार दिवसांनी आमच्या दाराशी रिक्षा थांबली. बाई खाली उतरल्या नाहीत. मांडीवर नवं कापड होतं.

"तो आटला. दुसरा शिवून दे. कागद आहे ना तुझ्याकडे? आता अंगावर घालायचं काम नाही."

कागदाला विटाळ नसतो. फर्मा घरातच होता, अर्ध्या दिवसात कापून झालं असतं. एक 'हो' म्हणायचा अवकाश, सगळं पहिल्यासारखं. आणि मी इतकी दमले होते की तो हो ओठांपर्यंत आलाच होता.

"मुलीला पाठवा," मी म्हणाले. "इथे, माझ्या घरात. तिच्या अंगाला हात लावून माप घेईन, मगच कापीन."

"माज आलाय तुला."

रिक्षा गेली. आई दारात मटकन बसली. "काय करी ऱ्हायनी तू? आपलं पोट तेस्नावर शे, माय."

आमचं पोट त्यांच्यावरच होतं, आईचं खरं होतं. बाईंनी गावभर सांगितलं. मोठ्या घरांची कामं बंद झाली. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी दोंडाईच्याला मिरचीची देठं खुडायला गेलो. बोटं अशी जळायची की सुई धरवत नसे. मुलगी माप द्यायला आली नाही. मी वाट पाहिली नाही, असं लोकांना सांगते. पाहिली होती.

त्यानंतर मी एक नेम केला. जिला माझा हात चालत नाही, तिचं कापड मी कापत नाही. त्यापायी उपाशी राहिले आहे. पुन्हा राहीन.