एक्केचाळीस गळत्या

प्रौढ आणि व्यवसाय शिक्षण खात्याच्या आमच्या संचालक मॅडमना सगळं ऑफिस पाठीमागे 'भिंगरी' म्हणायचं. समोर म्हणायची कोणाची टाप नव्हती. मॅडम खुर्चीत सलग दहा मिनिटं बसल्या तर आम्ही घड्याळाकडे बघायचो. फाइल उभ्याने वाचायच्या, डबा खिडकीशी उभं राहून खायच्या, फोनवर बोलताना टेबलाभोवती फेऱ्या चालू. मी त्यांचा स्टेनो. बारा वर्षं वही घेऊन त्यांच्यामागे पळून माझे गुडघे कामातून गेले. एकदा त्यांच्या यजमानांनी मला हळूच विचारलं, "ऑफिसात तरी बसते का हो ही?" मी म्हटलं, "साहेब, मी तुम्हाला घरचं विचारणार होतो."

कागदावर सगळं ठीकठाक दिसलं की त्यांना संशय यायचा. मला त्याचा राग यायचा. जुळलेला हिशेब पुन्हा उसवायचा म्हणजे रिकामे उद्योग, असं माझं मत होतं.

त्या वर्षी वरून फतवा आला की ज्या वर्गाची गळती चाळीस टक्क्यांच्या वर, तो बंद करा. गळती म्हणजे शिकणं मधेच सोडून गेलेले लोक. खात्यात हा शब्द आम्ही चहासारखा रोज वापरतो, त्याचा दुसरा काही अर्थ असतो हे विसरूनच गेलो होतो. सगळ्या वर्गांना विचारलं, 'गळती किती?' नळजोडणीच्या वर्गाकडून उत्तर आलं, '४१'. पुढे ना टक्के, ना काही. बाकी सगळ्यांनी टक्के लिहिले होते, म्हणून टाइप करताना मीही टक्क्यांची खूण ठोकून दिली. मॅडमनी सही केली आणि आदेश गेला.

दोन दिवसांनी सकाळी त्या आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती.

"नळाच्या वर्गात किती जण आहेत?"

"वीस."

"विसाचे एक्केचाळीस टक्के किती?"

मी कॅल्क्युलेटर काढला. "आठ पूर्णांक दोन."

"म्हणजे आठ माणसं गेली आणि नवव्याचा एक पाय? रात्रभर हेच डोक्यात घोळतंय. गाडी काढायला सांगा."

वर्ग एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत भरायचा. भिंतीला पाइप, बाकांवर नळ आणि वॉशरचे डबे. मास्तर म्हणजे चाळीस वर्षं प्लंबर म्हणून राबलेला माणूस. ते पाने पुसून पेटीत भरत होते. मॅडमना बघून उठलेसुद्धा नाहीत.

"गळती एक्केचाळीस कशी?" मॅडमनी विचारलं.

"मोजून आहे," मास्तर घुश्शात म्हणाले. "आजूबाजूच्या इमारती पालथ्या घातल्या माझ्या लोकांनी. एक्केचाळीस गळत्या शोधल्या, एकोणचाळीस बंद केल्या. दोन राहिल्या, कारण त्या मापाचे वॉशर मिळेनात. तेवढ्यासाठी अख्खा वर्ग बंद करायचा?"

मला फिसकन हसू आलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि ते घशातच राहिलं.

"आणि सोडून किती जण गेले?"

"परवापर्यंत एकही नाही. परवा तुमचा आदेश वाचून दाखवला, मग सगळेच गेले."

मॅडमनी तिथूनच फोन करून आदेश मागे घेतला. परीक्षा चार दिवसांवर होती. "वीसच्या वीस परत हवेत," त्या म्हणाल्या, आणि पत्त्यांचा कागद घेऊन चालायलाच लागल्या. दोन दिवस आम्ही जिने चढत होतो. कोणी चिडलं, कोणी टोमणे मारले, पण एकोणीस जण आले. राहिली एक बावन्न वर्षांची बाई. मास्तर तिला 'कान' म्हणायचे. भिंतीला कान लावून पाणी कुठे झिरपतंय ते सांगायची. वर्गातली सगळ्यात तयार शिष्या तीच.

दार तिनेच उघडलं. मॅडमनी सगळं सांगितलं, चूक आमची होती हेही सांगितलं.

"मी नाही येत, मॅडम."

"का? परीक्षा तुम्हाला हातचा मळ आहे."

"मुलगा म्हणायचा, आई, या वयात कसले नळ? वर्षभर भांडून आले होते मी. वर्ग बंद झाल्याचं सांगितलं तेव्हा तो हसला. बोलला काही नाही, नुसता हसला. आता पुन्हा पहिल्यापासून भांडायचं बळ नाही उरलं."

"मी बोलते त्याच्याशी. आत्ता बोलते."

"तुमचं ऐकेल की तो. तुम्ही मोठ्या साहेब." तिने पदराला हात पुसले. "पण मला त्याला माझं ऐकायला लावायचं होतं."

दार हळूच लागलं. मॅडम जिन्यातच उभ्या राहिल्या. मला बोलल्यावाचून राहवेना.

"मॅडम, ती टक्क्यांची खूण मी घातली होती."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण वाचल्याशिवाय सही कोणी केली?"