कापसाला लागलेला हिरवा रंग

अंबरनाथच्या एका डीटीपीच्या दुकानात मला नोकरी मिळाली ती माझ्या इंग्रजीच्या जोरावर. मोरिवलीच्या कारखान्यांची पत्रं, कोटेशनं, पॅकिंगची लेबलं तिथे टाइप व्हायची. गिऱ्हाईक आलं की माझ्यावर बोलायची वेळ येऊ नये म्हणून काहीतरी शोधत बसायचे. पण लेझर प्रिंटरचं मॅन्युअल वाचू शकणारी दुकानात मी एकटीच, म्हणून प्रिंटर माझ्याकडे आला.

प्रिंटरचा सगळा जीव काट्रिजमध्ये. त्यात टोनर, म्हणजे काळी पावडर, आणि ती कागदावर उमटवणारा ड्रम, नळीसारखा, हिरवा, चकचकीत. दर वेळी नवं काट्रिज घेणं सरांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, परवडत नव्हतं. मग उल्हासनगरचे एक सिंधी अंकल येऊन जुन्यातच पावडर भरायचे. जमिनीवर पेपर पसरायचे, पिना काढायचे, आतली पट्टी पुसायचे आणि ड्रम बाहेर आला की लगेच त्यावर काळं फडकं टाकायचे. "बेटा, इसको उजेड नको, हात नको," हे दर वेळी ठरलेलं. मी मान डोलवायचे. मनात म्हणायचे, मॅन्युअल तर मी वाचलंय.

एकदा प्रत्येक पानावर बारीक उभी रेघ येऊ लागली. अंकल दुसऱ्या दिवशी येणार होते, सर जेवायला घरी गेले होते. आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरचं हेड मी नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायचे आणि कॅसेट स्वच्छ वाजायची. बाटली पर्समध्येच होती. मी काट्रिज बाहेर काढलं, ड्रमवरचं झाकण उचललं आणि रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस फिरवला.

कापूस हिरवा झाला. ड्रमवर अंगठ्याएवढा चंदेरी पत्रा उघडा पडला होता.

कापूस मी कागदात गुंडाळून पर्समध्ये कोंबला. सर आल्यावर निघालेल्या पहिल्याच पानावर एकाखाली एक तीन काळे डाग होते, ड्रमच्या दर फेरीला एक.

दुसऱ्या दिवशी अंकलनी ड्रम फिरवून पाहिला, नाकाजवळ नेला. "साहेब, ये किसीने पुसला है. पावडरने असं होत नाही."

"दुकानात आम्ही दोघंच. मग काय मी पुसला?" सर भडकले. "भंगार पावडर भरायची आणि वर आम्हालाच शिकवायचं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग गं, तुझं पुस्तक काय म्हणतं?"

मी मॅन्युअल उघडलं. रिफिल केलेल्या काट्रिजमुळे बिघाड झाला तर कंपनी जबाबदार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य होतं, ते मी इंग्रजीत मोठ्याने वाचलं. वाक्य खरंच होतं. शाळेत वर्गासमोर उभं केलं तरी माझा आवाज फुटायचा नाही, त्या दिवशी मात्र एकही शब्द अडखळला नाही. अंकलना वाक्य समजलं नसावं, पण रोख समजला. त्यांनी फडक्याची घडी केली, पिशवी भरली.

"उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले.

"ठीक है, साहेब."

सरांनी नवं काट्रिज आणलं. तेही संपत आलं तेव्हा त्यांचा राग उतरला होता. "तूच जाऊन विचार. मला तोंड नाही, तुला ते नाही म्हणणार नाहीत."

अंकलचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. मला पाहून ते म्हणाले, "आओ मॅडम! किताब नाही आणली आज?" शेजारचा रेडिओ दुरुस्तीवाला हसला.

काट्रिज त्यांच्या हातात देऊन मी म्हटलं, "अंकल, ड्रम मीच पुसला होता."

"मालूम है. वास येत होता ना." त्यांनी वर न बघता पिन काढली. "साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"फिर मुझे क्यों बताती है?"

त्यांनी पावडर भरली, झाकण बसवलं. "भरून देईन. पण तिथे मी येणार नाही. इथे आणायचं."

पुढे दर वेळी काट्रिज मीच नेऊ लागले. सर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "लाजाळू आहे, पण स्वतः उल्हासनगरला जाऊन येते." त्यावर कुणी विचारलंच की तो माणूस इथे का येत नाही, तर सर म्हणायचे, "अहो, त्याने एकदा आमचा ड्रम घालवला होता." मी समोर बसलेली असायचे. नोकरी सोडली त्या दिवसापर्यंत ते हेच सांगत होते.