सूर्याचा भरवसा न धरणारे भाऊ

अख्ख्या तिरोडा तालुक्यात सूर्याचा भरवसा न धरणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे शेजारी, एक्स-रेवाले भाऊ. एका आडगावच्या दवाखान्यात उभा जन्म एक्स-रे काढून ते निवृत्त झाले, आणि लोक नातवंडांत रमतात तसे हे अंतराळवीरांत रमले. सकाळी बाकीचे धानाचा भाव बघत, तेव्हा भाऊ मोबाइलवर सूर्यावरचे डाग बघत. सूर्यावर वादळ उठल्याची बातमी आली की त्यांचं जेवणावरचं मन उडे. वर फिरणाऱ्या माणसांची नावं त्यांना पाठ होती. ती सुखरूप असल्याचं कळेपर्यंत काकूंनी वाढलेलं ताट तसंच राही. काकू वैतागल्या की भाऊ म्हणत, "आपल्यावर हवेची गोधडी आहे. त्याईच्यावर काय आहे?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा मी त्यांना वर्गात बोलावलं. ते किरण अडवणारा आपला जुना शिशाचा एप्रन घेऊन आले आणि यानाला आतून असंच शिसं लावायला हवं, असं मुलांना सांगू लागले. मी शहाणपणानं मध्येच म्हणालो की सूर्याचे कण शिशासारख्या जड धातूवर आदळले तर त्यातून आणखी किरण निघतात; त्यापेक्षा पाणी बरं. भाऊंनी एप्रनची घडी घातली आणि ते निघून गेले. चार दिवस आमच्या ओट्यावर आले नाहीत. मुलांसमोर बोललो याची मला लाज वाटत राहिली.

पाचव्या दिवशी ते पुन्हा वर्गात हजर. सोबत पाण्याच्या कॅना आणि तांदळाची पोती. कॅना-पोत्यांचं त्यांनी भिंतीसारखं रिंगण रचलं, मुलांना आत बसवलं आणि सांगितलं की वादळ आलं की अंतराळवीरांनी आपलं पाणी, आपलं अन्न असं भोवती लावून ते ओसरेपर्यंत दम धरायचा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमचं बरोबर होतं. मी वाचून काढलं."

परतताना मी विचारलं, एवढी काळजी कशासाठी? तेव्हा कळलं की त्यांच्या दवाखान्यात एप्रन एकच होता. लेकराला धरून उभ्या राहणाऱ्या आईला ते तो घालत आणि स्वतः तसेच मशीनपाशी राहत. "मायच्या अंगावरून काढून मी काऊन घालू?" एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांना रक्ताचा आजार निघाला. कारण सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकूंचा संशय मशीनवर होता. भाऊंनी तो विषय काढू दिला नाही. "मशीनले नावं नका ठेवू. लई लोकाईची मोडलेली हाडं दाखवली तिनं."

नागपूरच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या खाटेपाशी फिरती एक्स-रे मशीन आणली होती. आम्हाला बाहेर काढलं. मी दारातून बघत होतो. मशीनवाली बाई बटण दाबणार, तोच भाऊंनी हात वर केला.

"बाई, अजून दोन पावलं मागं सर. मंग दाब."

ती हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून खरंच दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "काका, श्वास रोखा."

हेच दोन शब्द भाऊंनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितले होते. त्यांनी डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच आलेल्या पेशंटसारखा मुकाट्यानं श्वास रोखून धरला.