सांत्वन नको, भांड

देव नाही म्हणणाऱ्यांशी भांडणं हा माझा धंदाच आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या चर्चमध्ये माझी पुस्तकं हातोहात जातात. लग्नाच्या पंगतीतही लोक मला गाठून उत्क्रांतीबद्दल विचारतात. पण माझा सर्वांत खवट वाचक म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत अधिकारी, आणि पक्का नास्तिक. दर रविवारी उपासना आटोपली की मी शिरगावहून हेंद्रेपाड्याला त्याच्याकडे जेवायला जायचो आणि मटणाच्या ताटावर आमची जुंपायची. भावजय ओरडायची, "आधी जेवा, मग देवाचं काय ते ठरवा."

मागच्या वर्षी ती आजारपणात गेली. चर्चच्या मंडळीतले लोक रीतीप्रमाणे गीतपुस्तकं घेऊन सांत्वनाच्या प्रार्थनेला आले. कोणीतरी म्हणालं, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. असला देव असता तर पहिला नास्तिक मीच झालो असतो. पण मी गप्प बसलो, आणि नंतरच्या रविवारच्या जेवणांतही भांडलो नाही. भाऊ मुद्दाम डिवचायचा, मी "भात घे" म्हणायचो. हीच माणुसकी, असं मला वाटायचं.

एका रविवारी त्याने ताट सरकवलं. "दादा, पुढच्या रविवारपासून येऊ नकोस."

"का रे?"

"सगळे साले बिचारा-बिचारा करतात. आता तू पण? माझी बायको गेली म्हणून तू तुझ्या देवाची बाजू सोडलीस? सिंपथीला शेजारी आहेत. भांडणार असशील तर बस."

आई-वडिलांमागे मला उरलेलं हे एकच माणूस. ते मी सोडणार नव्हतो, आणि देवालाही नाही. "बाजू सोडलेली नाही," मी म्हणालो. "काय विचारायचं ते विचार."

"तिला का नाही वाचवलं?"

माझ्या पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे. त्यातलं एकही वाक्य तिथे उच्चारवेना.

"माहीत नाही. पण ती गेली हा अन्याय झाला, असं तुला वाटतं ना? मलाही वाटतं. जगात नुसती रसायनंच असतील तर अन्याय कसला? तू चिडलायस कोणावर?"

"हे उत्तर नाही."

"नाहीच. तरी मी हलणार नाही."

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. ती गेल्यापासून तो माझ्यासमोर रडला नव्हता. आता लहान मुलासारखा रडला. मी उठून त्याच्याजवळ जायला लागलो, तर त्याने हातानेच थांबवलं.

"मुद्दा कच्चा आहे, दादा," तो हुंदक्यातच म्हणाला. "बस, कसा ते सांगतो."