तळ्यावरची कुजबुज

शहापूरच्या हातमागवाल्यांत हळू बोलणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि आमच्या आक्काच्या सासऱ्यांइतक्या मोठ्याने कुजबुजणारा तर अख्ख्या बेळगावात दुसरा नव्हता. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेला. सुनेकडे पाणी मागितले तरी गल्ली दचकायची. आणि अशा माणसाला नाद कसला, तर पाखरे बघण्याचा!

अमावास्येला माग बंद. मी आक्काकडे राहायला असलो की त्या दिवशी पहाटेच आप्पा मला उठवून काकतीपलीकडच्या तळ्यावर न्यायचे. गुडघाभर दलदल. पांढरा सदरा नको, विडी नको, शिंक आली तर नाक दाबायचे. एकदा माझ्या पोटरीला जळू चिकटली, तरी मी बिचारा ओठ आवळून उभा. आप्पा मात्र ‘हळूच’ म्हणाले, “गप ऱ्हावा, पाखरं बुजत्यात!” झाले! सगळे तळे उडाले. वर मलाच म्हणतात कसे, “पाव्हणं, तुमीच हाललासा!”

थंडीत तिथे चक्रवाकाची एक जोडी यायची. तिचा तो केशरी रंग आप्पांना साडीच्या काठात हवा होता. घरी रंगवलेल्या सुताच्या लडी खिशात घेऊन ते तीन हिवाळे फिरले. “लांबनं काय कळतंय? जवळनं लावून बघाय पायजे,” म्हणायचे, पण त्यांच्या आवाजाने जवळ येतेय कोण?

चौथ्या हिवाळ्यात एक गोरा साहेब शिकारीला आला आणि वाट दाखवायला आप्पांनाच बोलावणे आले. नाही म्हणायची सोय नव्हती. मीही बरोबर गेलो. साहेबाच्या धाकाने आप्पांनी तोंडात उपरणे कोंबले होते. आम्ही लव्हाळ्यात बसलो, आणि काय सांगू, ती जोडी पोहत पोहत दहा हातांवर आली! आप्पांनी खिशातून एक लड काढून पाखरासमोर धरली. जमेना. दुसरी धरली. तिसरी जुळते आहे असे वाटले, तोच शेजारी बंदूक वर झाली.

आप्पांनी उपरणे उपसून फेकले. “पळा रं, पळा!”

जोडी उडाली, बार फुकट गेला. साहेब लालबुंद होऊन काहीबाही बोलत निघून गेला. मला तर रडूच यायचे राहिले होते. “आप्पा, रंग जुळत आला होता की हो!”

“व्हय वो पाव्हणं,” आभाळाकडे बघत ते म्हणाले, “पर दोगं हुती ती. एकट्यानं मागं ऱ्हायचं लई वाईट असतंय.”

आक्काच्या सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मी वाकून चिखलातल्या लडी गोळा करू लागलो.